‘स्नायपर’ चित्रपटमालिका : पहिल्या भागातली थांबून राहण्याची कला पुढच्या कोणत्या भागात टिकली आहे?

सड्यावरचा (देवगड)

सर्वांना नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. माझे वडील पायदळातून निवृत्त झाले असून आता आंब्याची कलमे सांभाळतात. यंदा पावसाने जोर धरल्यावर बागेतली कामे थांबली, तेव्हा संध्याकाळी त्यांच्यासोबत बसून १९९३ सालचा ‘स्नायपर’ हा चित्रपट पुन्हा पाहिला. शाळेत असताना मी तो एस.टी. स्टँडजवळच्या व्हिडिओ सेंटरमध्ये कॅसेटवर पाहिला होता आणि तेव्हा मला फक्त नळीतून सुटलेल्या गोळीमागून जाणारा कॅमेरा आठवत राहिला होता. या वेळी मात्र मन वेगळ्याच गोष्टीने धरून ठेवले.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थॉमस बेकेट हा अमेरिकी मरीन दलाचा जुना नेमबाज पनामाच्या जंगलात काम करत असतो आणि टॉम बेरेंजर यांनी ती भूमिका केली आहे. त्याच्याबरोबर रिचर्ड मिलर (बिली झेन) या तरुणाला पाठवले जाते. मिलर नेमबाजीतला ऑलिंपिक पदकविजेता आहे, पण त्याने आजवर जिवंत माणसावर गोळी झाडलेली नाही. पुढचा चित्रपट म्हणजे बहुतांशी या दोघांचे चालणे, लपणे, एकमेकांवर संशय घेणे आणि थांबणे आहे. गोळ्या थोड्या सुटतात, पण प्रत्येक गोळीआधीचा वेळ दिग्दर्शकाने प्रेक्षकाला पूर्ण भोगायला लावला आहे. पानांवरून ओघळणारे पाणी, चिखल, अंगावर बसलेले किडे आणि तरीही न हलणारा माणूस ही दृश्ये पाहताना मला आमच्या घरामागची आषाढातली राई आठवली.

चित्रपट मध्यावर आला असताना वडील एवढेच म्हणाले, “सगळा बरा दाखवल्यानी, पण वारो कसो बघता, ता काय दाखवल्यानी नाय.” त्यांचा स्वभाव कमी बोलण्याचा असल्यामुळे मी जास्त विचारले नाही, परंतु ते वाक्य डोक्यात घोळत राहिले.

त्यानंतर उत्साहाने दुसरा आणि मधले एक-दोन भाग पाहिले. त्यात धावपळ आणि गोळीबार भरपूर आहे, परंतु पहिल्या भागातले ते थांबणे मला फारसे सापडले नाही. म्हणून जाणकारांना दोन प्रश्न विचारतो. पहिला असा की, पहिल्या भागात दाखवलेली शिस्त खऱ्या कामाच्या किती जवळ जाते, आणि वडिलांच्या त्या वाक्याचा नेमका अर्थ काय असावा? दुसरा असा की, एवढ्या लांबलेल्या मालिकेतला कोणता भाग पुढे पाहावा, ज्यात ती कला काही अंशी तरी टिकून आहे?

जुनी पलटण (सावंतवाडी)

गुरुजी, तुमच्या वडिलांना माझा सलाम सांगा. मी स्वतः सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि नोकरीच्या मधल्या काळात माझे काम या विषयाशी निगडित होते. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. चित्रपटांविषयीचे बाकीचे माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

तुमचे वडील वाऱ्याविषयी जे म्हणाले, ते या कामाचे मर्म आहे. ७.६२ मिलिमीटरची नेहमीची गोळी नळीतून सुटताना सेकंदाला सुमारे पावणेआठशे मीटर वेगाने निघते, परंतु हवेच्या विरोधामुळे तो वेग सतत घटत जातो आणि आठशे मीटरवर पोहोचायला तिला जवळपास दीड सेकंद लागतो. तेवढ्या वेळात ती नळीच्या सरळ रेषेपेक्षा आठएक मीटर खाली आलेली असते. हे खाली येणे दर वेळी सारखेच असल्यामुळे दुर्बिणीवरच्या चकतीने ते भरून काढता येते. वारा मात्र सारखा नसतो. ताशी सोळा किलोमीटरचा वारा, जो आपल्या किनाऱ्यावर कोणी वारा म्हणूनही मोजत नाही, तो आडवा लागला तर आठशे मीटरवर गोळीला सुमारे दोन मीटर बाजूला नेतो. त्यातही नेमबाजाजवळचा वारा, मधल्या दरीतला वारा आणि लक्ष्याजवळचा वारा हे तीन वेगळे असू शकतात.

तो वारा यंत्राने फक्त स्वतःजवळ मोजता येतो. पुढचा डोळ्यांनीच वाचावा लागतो. गवताचे शेंडे, धूर आणि झाडांची पाने यांवरून अंदाज बांधता येतोच, पण सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे तापलेल्या जमिनीवरची हवेची थरथर, जिला इंग्रजीत ‘मिराज’ म्हणतात आणि आपण मृगजळ म्हणतो. दुर्बिणीचा फोकस लक्ष्याच्या थोडा अलीकडे आणला की ती थरथर पाण्याच्या प्रवाहासारखी दिसते. वारा पडलेला असेल तर ती उकळल्यासारखी सरळ वर जाते, वारा सुटला की तिरकी होते आणि तो वाढत गेला की आडवी वाहू लागते. ताशी वीसएक किलोमीटरच्या पुढे ती इतकी सपाट होते की तिच्यावरून वेग सांगणे कठीण जाते. ही नजर पुस्तक वाचून येत नाही, उस्तादाच्या शेजारी तासन् तास पोटावर पडून येते.

आता दुसरी गोष्ट. लोकांच्या मनात स्नायपर म्हणजे एकटा माणूस असतो, परंतु हे काम जोडीचे आहे. एक रायफलीवर असतो आणि दुसरा मोठ्या दुर्बिणीवर. त्या दुसऱ्याला स्पॉटर म्हणतात. वारा वाचणे, अंतर सांगणे, गोळी कुठे पडली हे पाहून दुरुस्ती देणे आणि आजूबाजूवर लक्ष ठेवणे हे सगळे त्याच्याकडे असते, आणि पुष्कळ वेळा तोच दोघांपैकी अधिक अनुभवी असतो. रायफलीचा दणका बसल्यावर झाडणाऱ्याला क्षणभर काही दिसत नाही, पण शेजारच्याला गोळीच्या मागे उठणारी हवेची रेघ लक्ष्यापर्यंत जाताना दिसू शकते. पहिल्या चित्रपटाचा मोठेपणा माझ्या मते यातच आहे. सुरुवातीलाच बेकेटचा स्पॉटर मारला जातो, तोही वरिष्ठांनी अंधार पडण्याची वाट न पाहता दिवसाउजेडी हेलिकॉप्टर पाठवल्यामुळे, आणि गमावलेल्या साथीदारांच्या ओळखपट्ट्या बेकेट स्वतःजवळ बाळगतो. ज्याने जोडीदार गमावला आहे, त्याला त्या पट्ट्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

चित्रपटात नाट्यासाठी काही गोष्टी सोप्या केल्या आहेत. दोघेजण जंगलात उभ्याने वाद घालतात, तेवढे बोलणे खऱ्या कामगिरीत होत नाही. लपण्याच्या पोशाखाचे काम मात्र त्यांनी मनापासून दाखवले आहे. त्याला गिली सूट म्हणतात. ते नाव स्कॉटलंडमधल्या शिकारीच्या रानांची राखण करणाऱ्यांवरून पडले आणि बोअर युद्धाच्या वेळी १९०० साली उभ्या राहिलेल्या लोवॅट स्काउट्स या पलटणीने तो पोशाख लढाईत आणला. आपल्याकडे लावणीच्या वेळी पाठीवर इरले घेतलेला माणूस लांबून हिरवळीचा उंचवटा वाटतो, तसाच काहीसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की सुटातल्या सुतळ्यांमध्ये त्या त्या जागचा पाला खोचावा लागतो. सकाळी खोचलेला कुड्याचा पाला दुपारी कोमेजतो आणि पान उलटले की फिक्या बाजूने लगेच नजरेत भरतो. म्हणून पुढे सरकता सरकता पाला बदलत राहावा लागतो, आणि करवंदीच्या जाळीतून गवतात उतरताना तर सगळा वेशच नव्याने करावा लागतो. शंभर मीटर सरकायला कित्येक तास लागले, तरी ती दिरंगाई मानली जात नाही.

आपल्या फौजेत अनेक वर्षे रशियन बनावटीची ड्रागुनोव्ह वापरली गेली. ती स्वयंभरण रायफल आहे आणि तिच्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या बसतात. अलीकडे नियंत्रण रेषेवर .३३८ कॅलिबरची सॅको टीआरजी-४२ आली आहे, जिचा पल्ला पुष्कळ लांब आहे. हत्यार बदलले, तरी वारा तोच राहिला.

पडदा आणि प्रकाश (रत्नागिरी)

सुभेदार साहेबांचे उत्तर दोनदा वाचले. मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, आणि काही ठिकाणी माझे मत गुरुजींपेक्षा वेगळे आहे.

आधी पहिल्या चित्रपटाविषयी. त्याचे दिग्दर्शक लुईस ल्योसा हे मूळचे पेरू देशाचे. कथा पनामात घडत असली तरी चित्रीकरण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या पर्जन्यवनात झाले. त्यामुळे गुरुजींना घरामागची राई आठवली, याचे मला नवल वाटत नाही, कारण ओलसर हिरव्या अंधाराची जात दोन्हीकडे एकच आहे. छायालेखन बिल बटलर यांचे आहे, ज्यांनी १९७५ साली ‘जॉज’ हा शार्क माशाचा चित्रपट टिपला होता. पाण्याखालचा धोका न दाखवता जाणवून देणे त्यांनी तिथे साधले होते आणि इथे पानांआडचा धोका त्याच रीतीने जाणवतो. बेकेटच्या पात्रावर व्हिएतनाम युद्धातल्या कार्लोस हॅथकॉक या मरीन नेमबाजाच्या कारकिर्दीची छाया आहे, असे नेहमी म्हटले जाते. हॅथकॉक यांच्या नावावर टिपलेल्या शत्रूंच्या ९३ अधिकृत नोंदी होत्या. प्रतिस्पर्ध्याच्या दुर्बिणीतूनच गोळी आरपार घातल्याचा त्यांनी सांगितलेला प्रसंग तर पुढे कितीतरी कथाकारांनी उचलला.

दुसरा भाग यायला तब्बल नऊ वर्षे लागली. २००२ सालच्या त्या भागात तर्जनी गमावलेला बेकेट बाल्कन प्रदेशातल्या कामगिरीवर जातो आणि त्याच्या सोबतीला मृत्युदंडाची शिक्षा झालेला एक माजी सैनिक दिला जातो. गुरुजींना हा भाग आवडला नाही, पण माझ्या मते त्यात जोडीचा धागा प्रामाणिकपणे सांभाळला आहे. शहरातल्या पडक्या इमारतींत जंगलासारखे थांबता येत नाही, एवढीच त्याची अडचण आहे. २००४ सालचा तिसरा भाग व्हिएतनाममध्ये घडतो आणि बेकेटला आपल्याच जुन्या साथीदारावर नेम धरायला पाठवले जाते. कल्पना मोठी होती, परंतु ती हाताळताना घाई झाली आहे.

गुरुजींनी पुढे पाहावा तो २०११ सालचा ‘स्नायपर : रिलोडेड’. यात बेरेंजर नाहीत. बेकेटचा मुलगा ब्रँडन (चॅड मायकल कॉलिन्स) कांगोमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजेसोबत असतो आणि बापाच्या या कामाविषयी त्याच्या मनात अढी असते. त्याला ते काम शिकवायला येतो तो पहिल्या भागातला मिलर, आणि बिली झेन यांनीच अठरा वर्षांनंतर ती भूमिका पुन्हा केली आहे. बेकेटने ज्याला जंगलात घडवले, तोच आता बेकेटच्या मुलाला घडवतो. या एका जुळणीमुळे मालिकेला पुन्हा जीव आला, असे मला मनापासून वाटते. त्यानंतर २०१४ सालच्या ‘लेगसी’मध्ये बेरेंजर परततात आणि बाप-मुलगा समोरासमोर येतात. ही दोन एका पाठोपाठ एक पाहावीत.

२०१७ सालच्या ‘अल्टिमेट किल’मध्ये बेरेंजर, झेन आणि कॉलिन्स हे तिघे एकत्र आहेत आणि कथा कोलंबियात घडते. त्यातल्या खलनायकाकडे हवेत दिशा बदलणारी गोळी असते. ही कल्पना निव्वळ हवेतली नाही, कारण अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने .५० कॅलिबरच्या अशा मार्गदर्शित गोळीच्या चाचण्या खरोखर केल्या आहेत. पण सुभेदार साहेबांनी सांगितलेला वारा जर गोळी स्वतःच वाचू लागली, तर स्नायपरची गोष्ट सांगायची कोणाची, असा प्रश्न तो चित्रपट पाहताना मला पडला आणि त्याचे उत्तर पडद्यावर मिळाले नाही. २०२० पासूनचे भाग सरळ साहसपटांच्या वाटेने गेले आहेत. वेळ असेल तर पाहावेत, तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळणार नाही.

पाणलावा (गुहागर)

मी चित्रपटांची फार जाणकार नाही, पक्षिनिरीक्षण करते आणि महाविद्यालयात असताना एन.सी.सी.त होते. तरी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

माझे इथले टोपणनाव ज्या पक्ष्यावरून घेतले आहे, त्याच्याशी या चित्रपटाच्या नावाचा थेट संबंध आहे. पाणलाव्याला इंग्रजीत ‘स्नाइप’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी आपल्या पत्रांतून या पक्ष्याच्या शिकारीला ‘स्नायपिंग’ म्हणत आणि त्यावरून पुढे लपून अचूक नेम धरणाऱ्याला ‘स्नायपर’ हे नाव मिळाले. भातकापणीनंतर हिवाळ्यात आमच्याकडे खाडीलगतच्या ओल्या मळ्यांत हे पक्षी उतरतात. पिवळट तपकिरी पट्ट्यांमुळे ते चिखल आणि खुंट यांत इतके मिसळून जातात की चार पावलांवर येऊनही दिसत नाहीत, आणि मग पायाखालून उडाल्यासारखे एकदम उठून वेडेवाकडे वळसे घेत निघून जातात. अशा पक्ष्यावर नेम साधणारा निष्णात असलाच पाहिजे, हे लक्षात आल्यावर त्या शब्दाचा उगम अगदी सहज पटतो. लपण्याची विद्या मात्र मुळात त्या पक्ष्याची होती, शिकाऱ्याची नव्हे, हेही मला इथे नोंदवावेसे वाटते.

दुसरी गोष्ट मिलरविषयी. एन.सी.सी.च्या शिबिरात आम्ही .२२ रायफलने पंचवीस मीटरवर आडवे पडून नेम मारत असू आणि पाच गोळ्यांचा गट लहान आला की उस्ताद पाठ थोपटत. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्या अंतिम फेरीतला श्वासावरचा ताबा पाहून मी थक्क झाले होते. पण ते लक्ष्य कागदाचे किंवा पडद्यावरचे असते आणि त्याला चेहरा नसतो. मिलरचा हात जिथे अडतो ती जागा मला म्हणूनच अगदी खरी वाटली. त्याला भेकड ठरवून दिग्दर्शक मोकळा झाला नाही, त्याच्या मनातला अडथळा हा माणूसपणाचा भाग म्हणून दाखवला, याचे मोल मला नेमबाजीच्या दृश्यांपेक्षा अधिक वाटते.

जुनी पलटण (सावंतवाडी)

ताईंनी योग्य ठिकाणी बोट ठेवले. त्यात एकच भर घालतो. लांबून झाडलेली गोळी आवाजाच्या आधी पोहोचते. आठशे मीटरवर हा फरक जवळपास एका सेकंदाचा असतो. ज्याच्या बाजूने गोळी निघून जाते त्याला आधी चाबूक ओढल्यासारखा कडाडा ऐकू येतो आणि मग दूरवरचा बार येतो. त्या दोन आवाजांमधल्या वेळावरून अनुभवी माणूस अंतराचा अंदाज बांधतो. बंदुकीवर असणाऱ्याला मात्र दुर्बिणीतून समोरचा चेहरा शेवटपर्यंत दिसत असतो. साध्या शिपायाला लढाईत आपली गोळी कोणाला लागली हे बहुधा कळत नाही, याला ते कळते. हे ओझे पहिल्या चित्रपटात बेकेटच्या बोलण्यात कमी आणि त्याच्या गप्प राहण्यात जास्त दिसते, आणि म्हणून तो मला पटतो.

सड्यावरचा (देवगड)

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. सुभेदार साहेबांचे पहिले उत्तर मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. मृगजळाच्या परिच्छेदाशी आल्यावर त्यांनी मला थांबवले आणि तो पुन्हा वाचायला सांगितला. मग त्यांनी एक जुनी आठवण काढली, जी मी साफ विसरलो होतो.

मी आठवीत असताना मे महिन्यात आम्ही सड्यावरून चालत पलीकडच्या वाडीत जात होतो. उन्हाने कातळ इतका तापला होता की चपलेच्या तळातून चटका लागत होता आणि समोरची दगडी गडगी पाण्यात बुडाल्यासारखी हलत होती. त्यांनी मला खाली बसवले, डोळे बारीक करायला लावले आणि ती थरथर कोणत्या बाजूला वाहते हे विचारले. मी डावीकडे म्हणालो. त्यांनी चिमूटभर माती उचलून सोडली, तर ती सरळ पायाशी पडली, कारण आम्ही बसलो होतो तिथे वारा अजिबात नव्हता. “हय वारो नाय, थय आसा,” एवढेच बोलून ते चालू लागले होते. तेव्हा मला तो एक खेळ वाटला होता. त्या दुपारी ते मला काय शिकवत होते, हे मला तीस वर्षांनी आपल्या उत्तरामुळे समजले.

शनिवारी रात्री ‘रिलोडेड’ पाहिला. पहिल्या भागातली शांतता त्यात नाही, त्याबाबतीत माझे मत कायम आहे. पण मिलर त्या मुलाला शिकवू लागतो तिथून वडील खुर्चीत पुढे सरकून बसले आणि शेवटपर्यंत तसेच होते. संपल्यावर त्यांनी विचारले, “ह्याचो बापूस पुढच्या भागात गावता काय?” मी हो म्हटले आहे. वीज राहिली तर येत्या शनिवारी ‘लेगसी’ लावणार आहोत. पाऊस सरून सडा पुन्हा तापला की त्यांच्याबरोबर एकदा दुर्बीण घेऊन तिथे जाऊन बसायचेही ठरवले आहे.